दोन असोले नारळ

राही माझी थोरली जाऊ. दिसायला माझ्याहून बरी नाही, भाकरी तर माझ्यासारखी मुळीच जमत नाही. पण वाडीतली पोरं मात्र तिचीच. पोटी मूल नाही बाईला, आणि सकाळी विहिरीवर पाहावं तर 'काकी, काकी' करत घोळका. माझा जळफळाट व्हायचा.

ती आंजर्ल्याची, खाडीत वाढलेली. आमची वाडी देवरूखच्या वरच्या अंगाला. पोहणं इथे कुणाला ठाऊक? पुरुष सगळे मुंबईला. मिठाच्या सत्याग्रहाच्या साली सखारामचं पोर बिनकठड्याच्या विहिरीत बुडून गेलं. म्हातारे म्हणाले, पोरांना विहिरीकडे फिरकू देऊ नका. राही म्हणाली, "नको म्हटलं की पोरां जातातच. मी शिकवतंय त्यांना पवायला."

तिची रीत अशी. सोडणासकट, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीसकट, वाळलेले दोन असोले नारळ काखेखाली बांधायचे आणि आपण खालच्या पायरीवर पाण्यात उभं राहून हाक मारायची. पोर पोहू लागलं की नारळ सोडून तिथेच फोडायचे. ज्याच्या हाकेवर पहिली उडी मारली, त्याच्या तोंडात पोराने पहिला खोबऱ्याचा तुकडा घालायचा. म्हणजे दर वेळी राहीच्याच! पोरांच्या आया नुसत्या बघत राहायच्या.

माझ्या मैनेचा तुकडा मी तिला मिळू देणार नव्हते. एका दुपारी मीच मैनेला विहिरीवर नेलं, नारळ कंबरेला करकचून बांधले आणि हाक मारली. पोरीने उडी घेतली. नारळ वर तरंगले, पाय वर आले आणि डोकं गेलं पाण्याखाली. मी पायरीवर नुसती किंचाळत होते. राही पलीकडे लुगडी धूत होती. तिने उडी टाकून मैनेला वर काढलं.

"काखेखाली गो, सोनू. कंबरेला नाय," एवढंच मला म्हणाली. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मैना पाण्याजवळ जाईना. राहीने हाका मारून पाहिल्या, गूळ दाखवला, पोरगी रडायची. शेवटी राहीने नारळ माझ्यापुढे धरले. "आता तू शिक. आय पाण्यात दिसली की येल ती."

सगळ्या बायका हसायला जमल्या. मी कासोटा आवळला, नारळ काखेखाली बांधले, डोळे मिटले. राहीने खालून हाक मारली, "ये गो सोनू, मी हाय!" आणि मी पडले धप्पकन पाण्यात.

पुढे मला हातपाय मारताना बघून मैनेची भीती गेली. माझ्या हाकेवर तिने उडी घेतली, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

पोरगी पोहू लागली त्या दिवशी नारळ फोडले. मैनेने पहिला तुकडा माझ्या तोंडात घातला. मी तोऱ्यात राहीकडे पाहिलं. तर ती मेली आ करून माझ्यापुढे उभी! माझी पहिली उडी कुणाच्या हाकेवर होती, हे साऱ्या वाडीने पाहिलं होतं.

दिला तुकडा. जळत जळतच दिला.