वेचणीचा फोटो

गादीवाला अंगणात कापूस पिंजत होता, त्या वासासरशी पातूरकडच्या शाळेतली एक सकाळ आठवली आणि डोकं फिरलं. वर्ग जवळजवळ रिकामा होता; लागोपाठच्या नापिकीनं घरोघरी मजूर परवडेनासे झाले होते, म्हणून पोरंच वेचणीला गेली होती. शिक्षकांनी एकमेकांचं पाहून शिकावं म्हणून आमच्या केंद्रप्रमुख साहेबांनी व्हॉट्सअॅप ग्रुप काढला होता, पण त्यावर ते मागायचे फक्त हजेरीचे फोटो. मी तडक वावरात गेले. कमरेला कापसाची ओटी बांधलेल्या माझ्या पाचवीच्या वर्गातल्या एका पोरीवर मोबाईल धरला, तर ती म्हणते, "म्याडम, हासू काय?" "काही हासू नको," मी खेकसले, आणि फोटो ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, "माझा वर्ग इथं आहे." साहेबांचं उत्तर आलं, "छान! अनुभवातून शिक्षण. सर्व शाळांनी हा उपक्रम घ्यावा." दुसऱ्या दिवशी ग्रुप फोटोंनी भरला. जी पोरं शाळेत आली होती, त्यांनाही मास्तरांनी वर्गातून उठवून कापसात उभं केलं होतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी ते फोटो आठवले की आजही हात शिवशिवतात. त्यातलं एकूणएक पोरगं हसत होतं. त्यांना हसायला सांगितलं होतं.