लाख वाती आणि माझी दहा बोटं

त्या वर्षी देवावरचा माझा विश्वास उडायच्याच बेतात होता. दुसऱ्या बाळंतपणानंतर संधिवाताने माझे हात धरले ते सोडलेच नाहीत. वैद्यांचे काढे झाले, वर्ध्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, निर्गुडीचा शेक झाला. शेवटी मी आमच्या सेलूच्या महादेवाला नवस बोलले की, माझ्या हातांनी लाख वाती वळीन, त्रिपुरी पौर्णिमेला लावीन, पण ही बोटं मोकळी कर. आज हसू येतं. ज्या हातांना विसावा हवा, त्यांनाच मी लाखाच्या कामाला जुंपलं होतं!

आषाढापासून वळायला बसले आणि श्रावण सरेपर्यंत बोटं आणखी आखडली. भाकरी थापता येईना. ती सासूबाई थापत, एक शब्द न बोलता, आणि त्यांचं ते न बोलणंच मला टोचे. माझा राग लेकरांवर निघे. धाकटी तर मला पाहून दाराआड जायला लागली. भाद्रपदातल्या एका दुपारी वातींची टोपली पिंडीपुढे ठेवून नवस मोडायचा, असं ठरवूनच मी देवळात गेले. पण ओट्यावर बसले आणि रडूच कोसळलं.

तिथे एक म्हातारी गाडीची वाट पाहत बसली होती. कापूस वेचून रापलेले तिचे हात माझ्याहून वाकडे होते. ती सरकत जवळ आली. "काऊन रडून राह्यली वो माय?"

मी बोटं दाखवली. तिने आपली पुढे केली आणि पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसं एकेक बोट दाखवत म्हणाली, "हा आंगठा म्हंजे माहा नवरा. नुसता उभा राह्यते, कामाले हात लावत नाई. हे मधलं बोट माहा दीर. बोलावलं तं येत नाई, आलं तं जात नाई. अन् हे करंगळी माही जाऊ. काम दिसलं का बाजूले सरकते." मग खुदकन हसली. "नातेवाईक हायेत, टाकता थोडीच येते? रोज सकाळी त्याइची थट्टा करतो मी. तेवढंच बरं वाटते."

कितीतरी महिन्यांनी मी हसले, गालांवर आसवं असतानाच. तिची गाडी आली, ती गेली. नंतर विचारलं तर गावात कोणालाच ती ठाऊक नव्हती. ती कोण, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. टोपली मात्र घरी परत आणली.

मग माझ्याही बोटांना नावं मिळाली. सदा दुसऱ्यावर रोखलेली, कधी न वाकणारी तर्जनी म्हणजे सासूबाई, आणि करंगळी म्हणजे माझ्याही जाऊबाईच. दुखणं होतं तेवढंच राहिलं, पण सकाळचा कडवटपणा गेला. धाकटी पुन्हा मांडीवर येऊ लागली. वाती मात्र दसऱ्यापर्यंत निम्म्याही झाल्या नाहीत.

एका सकाळी ऊन पाण्यात हात बुडवून मी पुटपुटले, "सासूबाई, आज तरी वाका जरा!"

आणि मागे चुलीपाशी सासूबाई उभ्या होत्या. घाबरत घाबरत सगळं सांगून टाकलं, नवस अपुरा राहणार हेसुद्धा. त्यांनी माझी ती तर्जनी हातात घेतली आणि निरखून पाहिली.

"म्हंजे हे बोट मी?"

"हो."

"मंग मी तुह्या हाताचंच बोट झाली ना? मी वळल्या तं त्या तुह्याच हातानं वळल्या." असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि कापूस पुढे ओढला.

दोन दिवसांनी सासूबाईंचा निरोप मिळून जाऊबाई आल्या, "करंगळी हाजर हाय," म्हणत. हसता हसता पौर्णिमेआधी लाख भरले, आणि त्रिपुरीच्या रात्री सगळ्या वाती महादेवापुढे लावल्या. 'माझ्या हातांनी' म्हणताना माझा केवढा ताठा होता, ते त्या उजेडात मला दिसलं. देवाने बोटं बरी केली नाहीत. त्याने मला मदत घ्यायला शिकवलं, आणि त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

सासूबाई आता नाहीत. तर्जनी अजून तशीच ताठ आहे. सकाळी ऊन पाण्यात हात बुडवला की आधी तिचीच विचारपूस करते, आणि तिला वाकायला सांगत नाही.