दुबईला नेलेली घोंगडी

गावात अजून मला दुबईवाला म्हणतात. विमानतळ सोडला तर मी दुबई पाहिलेली नाही. तिथल्या बाकावर आम्हाला एक रात्र बसवून ठेवलं आणि सकाळी ज्या विमानात चढवलं ते अफगाणिस्तानात, परदेशी फौजेच्या हवाई तळावर उतरलं. बाहेर लढाई चालू होती. आम्हाला सांगितलं होतं की हॉटेलात काम आहे.

मी औशाकडचा, लग्नाकार्यातला आचारी. आमची टोळी तिघांची होती. चुलीपाशी मी. वाढायला मुखेडचा एक गडी, माझ्याच वयाचा. आणि कामं धरणारा, यजमानांशी बोलणारा धर्माबादचा दादा, वयानं थोरला, जिभेवर खडीसाखर. एजंट त्यानंच शोधला होता. दुबईत मोठं हॉटेल आहे, तिघांनाही घेतात, एवढं त्यानं सांगितलं आणि आम्ही पिशव्या भरल्या. दादानं सांगितल्यावर पुढं काही विचारायचं असतं हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

भर वैशाखात, नांदेडच्या स्टेशनवर, दादा खांद्यावर जाडजूड घोंगडी टाकून आला. आम्ही दोघं हसून बेजार.

"दुबईत मेंढरं राखायला निघालास का दादा?"

"घोंगडीबिगर पाठ टेकवत न्हाई मला," तो म्हणाला. आम्हाला ते पटलं.

तळावर उतरलो तेव्हा चारी बाजूंनी बोडके डोंगर, काटेरी तारा आणि बंदुका घेतलेली माणसं. दादा मटकन खाली बसला आणि कपाळ बडवून घ्यायला लागला. "एजंटनं गळा कापला रे आपला!" मी त्याला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. आपल्याहून थोरला माणूस असा रडतोय म्हटल्यावर मला स्वतःचं रडू गिळावं लागलं. पासपोर्ट काढून घेतले होते, परत फिरायचं म्हटलं तरी वाट नव्हती.

आचारी म्हणून गेलो आणि दोन वर्षांत एकदाही फोडणी घातली नाही. पाकिटातल्या गोठलेल्या भाज्या उकळायच्या, बिनमिठाच्याच पुढं सरकवायच्या. असल्या भाज्या आमच्याकडं वऱ्हाडाला वाढल्या असत्या तर व्याह्यांनी मांडव पेटवला असता. विमान उठलं की ताटल्यांची चळत थरथरायची. कधी रॉकेट यायचं, भोंगा वाजायचा आणि हातातलं टाकून सगळे सिमेंटच्या बंकरात पळायचे. फोनवर बायकोनं भोंगा ऐकला की मी सांगायचो, हॉटेलात आग विझवायची तालीम चालू आहे. असंच सांगायचं हे दादानं शिकवलं होतं, घरची माणसं घाबरू नयेत म्हणून.

थंडीत बर्फ पडलं. कंपनीचं पांघरूण येईपर्यंत पत्र्याच्या खोलीत आम्ही तिघं त्या एका घोंगडीखाली निजायचो. दादा स्वतः कडेला झोपायचा आणि आम्हाला मध्ये घ्यायचा. त्याच हिवाळ्यात भांडी धुवायच्या शेडमागं रॉकेट पडलं आणि मुखेडच्याचा डावा कान कायमचा गेला. मी त्याला ओढत बंकरात नेलं होतं. माझ्या सख्ख्या भावांवर नसेल इतका माझा त्या दोघांवर जीव बसला. आम्हाला एकाच माणसानं फसवलं होतं, आणि तेच आमचं नातं झालं होतं.

परतल्यावरही दरवर्षी पौषात, लग्नं नसतात तेव्हा, आम्ही दादाच्या घरी जेवायला जमतो. सायरन, बर्फ, बिनमिठाच्या भाज्या, तेच तेच बोलतो आणि एजंटला शिव्या घालतो. यंदाही बसलो होतो. वहिनी वाढत होत्या. त्यांची लेक सिमल्याला फिरायला निघाली होती, म्हणून ओसरीवर घोंगडी उन्हाला टाकली होती.

"हीच ने म्हणलं तिला," वहिनी म्हणाल्या. "बर्फात हिच्यावानी दुसरं काय न्हाई. तुमच्या दादांनी न्हाई का नेलती? निघायच्या आधीच म्हणले, तिकडं लई बर्फ असतंय, जाड बघून दे. म्याच सापडून दिली."

माझा घास हातातच राहिला. दादानं वर पाहिलं नाही, वरणात भाकरी कुस्करत राहिला.

"दादा, तुला ठाऊक होतं?"

"जुनं कामून उकरून राहिलास?"

"ठाऊक होतं का, तेवढं सांग."

"होतं. एजंटला आचारी पाहिजे होता. आचारी असंल तरच बाकीचे दोघं घेतो म्हणला. तुला सांगितलं असतं तर आला असतास का?"

"नसतो आलो."

"मग?"

असं म्हणून त्यानं वहिनींना भात वाढायची खूण केली. त्या "मग?"चा मला जितका संताप आला तितका आयुष्यात कशाचा आला नाही. मी भरल्या पानावरून उठलो. जन्मभर लोकांना जेवू घातलं, अन्न टाकून उठणाऱ्याला मनात शिव्या दिल्या, आणि त्या दिवशी तेच केलं. वहिनी हात जोडत दारापर्यंत आल्या. त्यांना बिचाऱ्यांना आपलं काय चुकलं तेही समजलं नव्हतं.

मुखेडचा हात धुऊन माझ्यामागं धावत आला. तो माझ्या उजवीकडं बसला होता, त्याचा गेलेला कान आमच्याकडं, त्यामुळं त्यानं काही ऐकलं नसावं. बसस्टँडपर्यंत माझं ठरेना. सांगावं तर याच्या जिवाला घोर, न सांगावं तर मीही दादासारखाच. शेवटी वाटलं, कान याचा गेला आहे, याला कळायलाच पाहिजे. त्याच्या उजव्या कानाशी वाकून मी सगळं ओरडून सांगितलं. बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

तो चपलेनं जमीन उकरत उभा राहिला.

"मला सांगितलं होतं त्यानं," तो म्हणाला. "निघायच्या आधीच. तुला सांगू नको म्हणला होता. तू न्हाई म्हणला असतास तर आमचंबी राहिलं असतं."

मग जे तोंडात आलं तेच विचारलं. "आणि बंकरात माझ्या गळ्यात पडून एजंटला शिव्या देत होतास, त्या?"

"तू लई तळमळून देत होतास," तो म्हणाला. "म्हणून म्याबी दिल्या."

त्याची गाडी लागली आणि तो चढला. खिडकीतून त्यानं हात केला. दोन वर्षं त्या तळावर मी एकटाच होतो, आणि मला मात्र वाटत होतं की आम्ही तिघं आहोत.