फुटणार नाही म्हणून सांगितलेली एअरबॅग

एक पाय बाहेर जमिनीवर, मान शक्य तितकी दाराकडे वळवलेली, आणि फक्त हात लांब करून मी चावी फिरवली. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. मी चटकन बाहेर येऊन उभा राहिलो.

"सायेब, गारी चावते काय?" हसुरामभाऊंनी विचारलं.

हसुरामभाऊ त्या गाडीचे ड्रायव्हर. नावड्याचे राहणारे, पन्नाशीचे, जाड भिंगांचा चष्मा, आणि आयुष्यभर डंपर चालवून झालेलं. गाडी चावत नव्हती, पण थोबाडीत मारू शकत होती, आणि तीही जन्माची अद्दल घडेल अशी.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी तळोजा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये ऑटो-इलेक्ट्रिशियन होतो. न्हावा शेवाला बांधकाम करणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीच्या गाड्या आमच्याकडे यायच्या. डंपर, ट्रेलर, टँकर यांची मला भीती नव्हती. पण ही परदेशातून आलेली लाल पिकअप ट्रक होती. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, आणि स्टिअरिंगच्या मधोमध इंग्रजी अक्षरं कोरलेली. त्या अक्षरांच्या मागे एअरबॅग.

तेव्हा हा प्रकार आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नव्हता. थोडक्यात सांगतो. स्टिअरिंगच्या पोटात घडी घातलेली एक पिशवी असते. गाडी समोरून जोरात आदळली की पापणी लवायच्या आत ती फुगते, आणि ड्रायव्हरचं तोंड लोखंडाऐवजी पिशवीवर आपटतं. फुगवायला आत दारूची छोटी वडी असते, दिवाळीच्या फटाक्याच्या नात्यातली. ती कधी पेटवायची हे ठरवणारी एक पेटी असते, जेवणाच्या डब्याएवढी. तिचं नाव कंट्रोल मॉड्यूल. पेटी बिघडली की लाल दिवा लागतो. म्हणजे मग दोनच शक्यता उरतात. गाडी आदळली तरी पिशवी उघडणार नाही, किंवा काही झालेलं नसताना उघडेल.

आता हसुरामभाऊ गाडीत कसे बसायचे ते सांगायला हवं. डंपरवाले बसतात तसे. सीट अगदी पुढे, छाती स्टिअरिंगला टेकलेली, दोन्ही कोपर स्टिअरिंगवर, लहान पोराला कवटाळावं तसं. त्याशिवाय त्यांना बॉनेटचं टोक दिसायचं नाही. उद्या ती पिशवी वेळी-अवेळी फुटली तर माणसाची मान जागेवर राहिली नसती. हे चित्र पुढे कित्येक महिने माझ्या डोळ्यांसमोरून हललं नाही.

आमचे मालक पंडितसाहेब केबिनमधून बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, पण फोन आला की घाबरायचा.

"सावंत, नाईकचा फोन होता. त्यांचा गोरा इंजिनीयर म्हणतो, लाल दिवा असेपर्यंत मी गाडीत बसणार नाही. सोमवारपर्यंत दिवा बंद पाहिजे."

नाईक म्हणजे त्या कंपनीचे ट्रान्सपोर्ट मॅनेजर.

"दिवा बंद होईल साहेब, पण आतला बिघाड..."

"बल्ब काढून टाक ना! नाहीतर त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोड. चावी लावली की लागेल, इंजिन सुरू झालं की विझेल. गोरा खूश, नाईक खूश."

ही युक्ती आमच्या धंद्यात जुनीच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

"गोरा आठवड्यातून एकदा बसतो साहेब. हसुराम रोज बसतात. आणि कसे बसतात ते बघा एकदा."

पंडितसाहेबांनी बघितलं. भाऊ नेमके तेव्हाच गाडीत बसून तंबाखू मळत होते, हनुवटी स्टिअरिंगवर टेकवून.

"मग तूच बघ बाबा," साहेब म्हणाले, "पण काही उडालं तर मी बाहेरगावी होतो."

बघायचं म्हणजे काय, तर मला तरी कुठे येत होतं! एअरबॅगबद्दल मी एका ट्रेनिंगमध्ये तासभर ऐकलं होतं, तेही जेवणानंतर. परदेशातल्या डीलरकडून आम्ही मॅन्युअलची पानं फॅक्सने मागवली. ती इतकी काळपट आली की आकृत्यांच्या जागी नुसते डाग. पण त्यातली एक ओळ स्वच्छ होती: या वायरिंगला टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावू नये.

ऑटो-इलेक्ट्रिशियनला हे सांगणं म्हणजे न्हाव्याला वस्तरा ठेवून ये म्हणण्यासारखं. आमचा हात आधी टेस्ट लॅम्पकडेच जातो. वायरीला टोचायचं, दिवा लागला तर करंट आहे. इथे तेवढ्या करंटनेही वडी पेटू शकत होती. मी टेस्ट लॅम्प खिशातून काढून कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. माझा माझ्यावरच विश्वास नव्हता.

लाल दिवा नुसता लागत नव्हता. तो ठरावीक वेळा लुकलुकून थांबायचा, मग पुन्हा लुकलुकायचा. हाच त्याचा कोड. फॅक्सच्या डागांत शोधत गेलो तेव्हा अर्थ लागला: मॉड्यूलमध्ये दोष, मॉड्यूल बदला. आणि खाली बारीक अक्षरांत: आधी कनेक्टर तपासा.

बॅटरी काढली. तरी लगेच हात लावायचा नाही, कारण मॉड्यूलच्या पोटात थोडा करंट साठवलेला असतो, अपघातात बॅटरीच तुटली तर उपयोगी पडावा म्हणून. तो उतरेपर्यंत थांबायचं. मी बाहेर येरझाऱ्या घालत थांबलो, मग आणखी थोडा थांबलो. पंडितसाहेब काचेतून बघत होते.

मग स्टिअरिंगमधली पिशवी सोडवली. ती न्यायची कशी, तर अक्षरांची बाजू अंगापासून लांब धरून. ठेवायची कशी, तर अक्षरं आकाशाकडे करून. उलटी ठेवली आणि उडाली, तर पिशवी खाली फुगते आणि सगळा लोखंडी भाग वर जातो, रॉकेटसारखा. मी ती वस्तू दोन्ही हातांत धरून अंगणातून निघालो तेव्हा शेजारच्या शेडमधले वेल्डर बघायला जमले.

"लांब व्हा रे! भेंडी, तमाशा आहे का?" मी ओरडलो. माझा आवाज चिरकला. एरवी मी शिवी देत नाही.

मॉड्यूल ड्रायव्हरच्या सीटखाली होतं, फरशीला बोल्टने आवळलेलं. मी सीट काढली, रबरी मॅट उचलली. मॅटखाली जाड स्पंज होता. त्यावर गुडघा टेकला आणि पँट भिजली. उन्हाळ्याचे दिवस. दाबला तर पाणी नुसतं ठिबकत होतं. बोट जिभेला लावलं. खारट!

मॉड्यूलच्या कनेक्टरवर पांढरे पापुद्रे आलेले, पिना हिरव्या पडलेल्या. आणि स्पंजाच्या कडेला चिकटलेली झेंडूची एक पाकळी, अजून पिवळीजर्द.

मी पाकळी हातात घेऊन बाहेर आलो.

"भाऊ, गाडी कधी धुतली?"

"अवसेला. दर अवसेला धुतंय." भाऊंचा चेहरा उजळला. "तुमी बघा, एक डाग हाय काय? आतून बी धुतंय. यार्डात तो मोठा पंप हाय ना, खारीतून पानी खेचतात, रस्त्यावर धूल बसवाला. त्याचा पाइप आत सोरला की पाच मिनटात फरशी आरशावानी. मंग नारल फोरतंय, स्टेरिंगला हार घालतंय."

आता सगळं कळलं. अमावास्येला गाडी धुऊन नारळ फोडणं हे मी लहानपणापासून बघत आलोय. डंपरच्या केबिनला खाली नुसता पत्रा असतो आणि पाणी जायला भोकं असतात. कितीही पाइप मारा, वरून आलं ते खालून गेलं. या बाईसाहेबांना मात्र गालिचा, स्पंज आणि सीटखाली कॉम्प्युटर. खाडीचं खारं पाणी त्या स्पंजात बसून राहिलं होतं आणि मॉड्यूल महिन्यामागून महिने त्यात बुडालेलं होतं.

"भाऊ, दिवा कधीपासून लागतोय?"

"या अवसेच्या दुसरे दिवशी. मी बोललो, पूजेत काय तरी चुकला."

मग मी त्यांना जमिनीवर ठेवलेली ती वस्तू दाखवली आणि आत दारू आहे, फुटू शकते, एवढंच सांगितलं. आजवर त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. सूचना सगळ्या समोरच्या काचेवरच्या सनशेडवर होत्या, इंग्रजीत. भाऊंच्या हातातली तंबाखू मळायची राहिली.

"म्हंजे मी वरीसभर बाँबाला हार घालत व्हतो?"

"तसंच काहीसं."

"आन वरना पानी बी घालत व्हतो?"

मला हसू आलं, पण भाऊ चार पावलं मागे सरकले होते. ते म्हणाले, "सायेब, मी ही गारी चालवनार नाय." आणि मग लगेच, हळू आवाजात, "पन दुसरी गारी देनार नाय मना कोन."

नवीन मॉड्यूल यायला वेळ गेला. सोमवार आला आणि गेला, नाईकांचे फोन येत राहिले, पंडितसाहेब दोनदा "बाहेरगावी" जाऊन आले. मी तोवर स्पंज काढून फेकला, फरशी गोड्या पाण्याने पुसली, वाळवली, खराब कनेक्टर कापून नवीन जोडला. मॉड्यूल आलं. त्याच्या डोक्यावर एक बाण असतो, तो गाडीच्या तोंडाकडेच हवा, कारण धक्का कुठून आला ते पेटी त्यावरून ओळखते. मी बाण बघितला. बोल्ट आवळले. पुन्हा बाण बघितला. घरी नेरूळला पोहोचल्यावर फोन करून वॉचमनला सांगितलं, टॉर्च घेऊन बाण कुठे आहे बघ. तो म्हणाला, साहेब, पुढे आहे, तुम्ही जेवून घ्या.

आणखी एक काम फॅक्समध्ये नव्हतं, ते मी माझ्या अकलेने केलं. सीटच्या रुळावर एक बोल्ट ठोकून बसवला, सीट त्यापुढे सरकणारच नाही असा. भाऊंनी बसून बघितलं.

"बॉनेट दिसत नाय."

"उशी घ्या खाली. आणि पट्टा लावायचा, गोरा असो नसो."

चावी फिरवली. लाल दिवा लागला, थोडा लुकलुकला, आणि विझला. इंजिन सुरू केलं, तरी विझलेलाच. पंडितसाहेबांनी टाळ्या वाजवल्या.

मला मात्र सुटल्यासारखं वाटेना. ब्रेकचं काम केलं की ब्रेक दाबून बघता येतो. हॉर्न वाजवून बघता येतो. एअरबॅग कशी बघणार? बघायला गेलं की संपली. दिवा विझला एवढंच मला माहीत होतं, आणि दिवा विझवण्याचे सोपे मार्ग आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होते.

गाडी बाहेर काढताना भाऊंनी काच खाली केली.

"सायेब, आता फुटनार नाय ना?"

त्यांचा चेहरा असा झाला होता की मला समजावत बसायचं त्राण राहिलं नाही.

"नाही फुटणार भाऊ. बिनघोर जा. फक्त आतून पाणी मारू नका, ओल्या फडक्याने पुसा."

त्यानंतर उरण फाट्याला कुठे वाहतूक तुंबलेली दिसली की माझी स्कूटर आपोआप हळू व्हायची. मी गर्दीतून डोकावून बघायचो, लाल पिकअप तर नाही ना. बायको म्हणायची, एवढ्या गाड्या दुरुस्त करता, हिचंच काय घेऊन बसलात. पाऊस गेला, दसरा गेला. टेन्शन काही जाईना.

थंडी पडायला लागली होती. एका दुपारी वर्कशॉपच्या गेटमधून टो-व्हॅन आत आली. मागे लाल पिकअप लटकलेली. तिचं नाक रेडिएटरपर्यंत आत गेलेलं. माझ्या हातातला पाना खाली पडला.

टो-व्हॅनच्या पुढच्या सीटवरून हसुरामभाऊ उतरले. स्वतःच्या पायांनी. भुवयांवर, मिशीवर पांढरी पावडर, चक्कीवरून आल्यासारखी. चष्मा नव्हता. ते तरातरा माझ्याकडे आले.

"तुमी बोललेलं फुटनार नाय!"

"काय झालं?"

"रस्त्यात ट्रेलर उभा, ना मागं बत्ती ना फांदी. मी जाऊन ठोकला. आन तुमचा तो बाँब फुटला! तोंडावर फुटला सायेब! चष्मा गेला."

"छाती?"

"छाती बरी हाय."

"मान दुखतेय?"

"नाय. मी काय बोलतंय, तुमी ऐकता काय? काम कच्चा केला तुमी."

मी गाडीपाशी गेलो. स्टिअरिंगमधून रिकामी पिशवी लोंबत होती, पांढरी, वापरून टाकलेल्या गाळणीच्या फडक्यासारखी. तिच्यामागे स्टिअरिंगचं लोखंडी कडं वाकलेलं होतं. सीट माझ्या बोल्टला टेकून उभी. मी दाराला धरून खाली बसलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. भाऊ गोंधळले. त्यांना वाटलं, आपण जास्तच बोललो.

"जाऊ द्या सायेब. होतात चुका मानसाकरना."

पंडितसाहेब बाहेर आले, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सावंत, नाईकला काय सांगू?"

"सांगा, काम बरोबर झालं होतं."

एकदा फुटली की पिशवीही नवी लागते आणि मॉड्यूलही. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून, बॅटरी काढून थांबण्यापासून बाण बघण्यापर्यंत. आमच्या धंद्यात काम चांगलं झाल्याची शाबासकी बहुतेक वेळा शिव्यांच्या रूपाने येते, ती आनंदाने घ्यावी. त्या दिवशी चहा मी मागवला, आणि भाऊंना शेजारी बसवून ती पिशवी फुटायलाच हवी होती, का हवी होती, ते नीट सांगितलं.

भाऊंनी बशीतला चहा संपवला. वाकलेल्या कड्याकडे बघितलं, मग स्वतःच्या छातीवर एकदा हात फिरवला.

"मंग हे आदी नाय सांगाचा?" ते म्हणाले. "नवा कवा बसवताय?"