फुल सपोर्ट

मराठी माध्यमाच्या शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. 'सपोर्ट' हा शब्द धड्यात आला की फळ्यावर अर्थ लिहून द्यायचे: पाठिंबा देणे, उचलून धरणे, पाठीशी उभे राहणे. मग म्हणायचे, वाक्यात उपयोग करा. दरवर्षी निम्मा वर्ग लिहायचा, 'मी माझ्या आईला सपोर्ट करतो.' मी लाल पेनाने शेजारी विचारायचे, कशात? हा शब्द नुसता हवेत सोडून चालत नाही, पुढे काहीतरी करावं लागतं, असं मी पोरांना बजावायचे. पोरं माना डोलवायची आणि घंटा व्हायची.

त्यातली बरीच पोरं लालबागला आमच्याच चाळीत राहणारी. ती मोठी झाली, त्यांची टक्कलं पडली, तरी मी आपली 'बाई'च राहिले. चाळीत प्रत्येकीला काहीतरी नातं मिळतं. कोणी वहिनी होते, कोणी मावशी, कोणी आत्या. मला शाळा चिकटली ती चिकटलीच. लग्न केलं नाही, आईवडील गेले, आणि लोक माझ्या उंबऱ्यापाशी अदबीने उभे राहू लागले. आत येऊन पाय पसरून कोणी बसत नसे. एवढा मान घेऊन माणसाने करायचं काय, असं मला कितीदा वाटायचं.

माझ्याकडे पाय पसरून बसणारी एकच होती, शेजारच्या खोलीतली काकी. मालवणकडची, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मूलबाळ नाही. तरुणपणी तिने खानावळ चालवली. गिरणीतले वीस-पंचवीस जण तिच्याकडे जेवायचे, आणि संपात त्यांचे खिसे रिकामे झाले तेव्हाही तिने कोणाचं ताट बंद केलं नाही. त्याला पाठिंबा म्हणतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. दुपारी चार वाजता ती दोन कप घेऊन माझ्याकडे यायची. मी तिला अगं-तुगं करायचे, ती मला कायम 'तुमी' म्हणायची. तेवढं अंतर तिच्याकडूनही राहिलंच.

मग चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं. काकीच्या खोलीची भाडेपावती तिच्या दिराच्या नावावर होती. दीर जाऊन जमाना झाला. त्याचा मुलगा बदलापूरला राहतो, गणपतीलासुद्धा कधी फिरकत नसे. तो अचानक आला आणि म्हणाला, नवं घर माझं, काकीला मी गावी पोचवतो. गावच्या घरात वाळवी सोडून कोणी राहत नाही.

उपाय एकच होता. या खोलीत पन्नास वर्षं काकीच राहते आहे, तेव्हा हक्क कोणाचा याचा निकाल लागेपर्यंत नवं घर कोणालाही देऊ नये, असं पत्र आमच्या कमिटीने बिल्डरला द्यायचं. पत्र गेलं तर काकी मुंबईत राहणार, नाही तर गावी जाणार. मी कंबर कसली. खरं सांगायचं तर मला तिच्या हक्काची जेवढी काळजी होती, तेवढीच माझ्या चार वाजताची होती.

आधी चाळीच्या ग्रुपवर लिहिलं. दहा मिनिटांत 'फुल सपोर्ट बाई', 'आपला सपोर्ट आहे', 'काकींना सपोर्ट', खाली अंगठे, जोडलेले हात, दंडाच्या बेटकुळ्या. मी चष्मा पुसून पुसून ते वाचत होते. एवढी माणसं आपल्या बाजूने आहेत हे मला या वयात पहिल्यांदाच कळत होतं.

नंतर लेखी काम. आमच्याकडे नोटीसवहीची पद्धत आहे. टाकी धुणार, पाणी बंद, गच्चीवर वाळवण घालू नये, असलं काहीही वहीत लिहायचं, वही दारोदार फिरवायची आणि प्रत्येकाने आपल्या खोलीच्या नंबरापुढे सही करायची. अक्षर चांगलं म्हणून वही माझ्याकडेच असायची. मी तिच्यात काकीचं पत्र लिहिलं, खाली 'आमचा पाठिंबा आहे' असं लिहून नंबर घातले आणि दोन दिवस जिने चढले. कोणी पिठाच्या हाताने सही केली, कोणी फोन कानाला लावून वही भिंतीवर टेकवली. एकीने विचारलं, "बाई, पाणी कधी जाणारे?" मी हसले. तिथेच मला कळायला हवं होतं. पोरं न वाचता पेपर कसा लिहितात हे जिने जन्मभर पाहिलं, तिने बेचाळीस सह्या मोजून वही छातीशी धरली.

रविवारी सकाळी चौकात मीटिंग झाली. काकी प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात चुरगळलेला रुमाल. पुतण्या तिच्या मागे. कमिटीचा सेक्रेटरी माझाच विद्यार्थी, शाळेत बाकावर चढून ओरडणारा. त्याने पत्र मोठ्याने वाचलं.

"यावर कधी सही केली आपण?" पहिल्या मजल्यावरचा म्हणाला. "मला वाटलं टाकीची नोटीस."

"बाई, मी वही पाहिली म्हणून सही केली. म्हणजे पाहिली, एवढंच. त्यांच्या घरच्या भानगडीत आपण कशाला पडायचं?" दुसरा म्हणाला.

"सपोर्ट आहे ना आपला काकींना," तिसरा म्हणाला. "फुल आहे. पण लिहून नको. बिल्डरने आपली फाईल अडवली तर?"

सेक्रेटरीने कोण कोण बाजूने म्हणून हात वर करायला सांगितले. माझा एकटीचा वर गेला. मी तो किती वेळ तसाच धरला होता कोण जाणे, शेवटी खांदा दुखायला लागला.

सेक्रेटरी वाईट मुलगा नव्हता. तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाई, पत्र मी माझ्या सहीने पाठवतो, जे होईल ते होईल. पण खोल्या महिन्याभरात खाली करायच्या आहेत. पावतीवर नाव नाही, म्हणजे टॉवर होईपर्यंत बिल्डर देतो ते भाडं काकीला मिळणार नाही. निकाल लागेस्तोवर ती राहणार कुठे? तुम्ही तुमच्याकडे ठेवाल? तेवढं हो म्हणा."

काकीने मान वर केली. मला तिचं खोकणं आठवलं, पहाटे चारला उठून भांडी आपटणं आठवलं. उद्या ती अंथरुणाला खिळली तर, हेही आठवलं. इतकी वर्षं एकटी राहिले होते, त्या एकटेपणाची मी घडी बसवली होती आणि ती मोडायची मला भीती वाटली.

"विचार करून सांगते," मी म्हणाले.

काकीने मान खाली घातली आणि रुमालाची घडी घालायला घेतली. पुतण्याने घड्याळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी तिच्या दारात होते. आत तिने दोन पिशव्या बांधून ठेवल्या होत्या आणि पुतण्या खाली टॅक्सी बघायला गेला होता.

"काकी, तू माझ्याकडे राहा," मी म्हणाले. "मी ठरवलंय. खरंच राहा."

ती हसली. माझा हात तिने दोन्ही हातांत घेतला.

"हो म्हणाक तुमका एक रात लागली, बाई," ती म्हणाली. "माझो राग नाय. पण मी त्याका काल सांज होवच्या आधीच येतंय म्हणान सांगलंय."

मी तिला आणखी दोनदा राहा म्हटलं. ती नको म्हणाली, दोन्ही वेळा तितक्याच मायेने. जिना उतरताना मी तिची एक पिशवी घेतली. ग्रुपवर त्या दिवशी कोणीतरी 'मिस यू काकी' लिहिलं आणि त्याखाली अंगठे आले.

आता मी शीव कोळीवाड्याला भाड्याच्या घरात राहते. बिल्डरच्या भाड्यात वन-बीएचके मिळालं. मला एकटीला बाहेरची खोली पुरते, आतली रिकामीच आहे. रोज सकाळी मी ती झाडून घेते आणि दार ओढून घेते.