सरपंचांना घेराव

मी तेव्हा एका दैनिकाचा गावाकडचा वार्ताहर होतो. धाड या गावाहून जीपने थोड्या अंतरावर माझ्या मावशीचं गाव. तिच्या गल्लीत नळाला पाणी येईना, म्हणून ती सात-आठ बायांना घेऊन ग्रामपंचायतीत गेली. मी सोबत होतो. सरपंचांनी सगळ्यांना बसवलं, चहा मागवला, व्हॉल्व्ह बिघडल्याचं कबूल केलं आणि सोमवारपर्यंत दुरुस्तीचा शब्द दिला. एकीच्या कमरेवर हंडा होता, कारण तिला तिथून विहिरीवर जायचं होतं.

एवढंच झालं, एवढंच मी लिहून पाठवलं. शहरातून उपसंपादकांचा फोन आला. "यात बातमी कुठंय? फोटो तरी आहे का?"

फोटो होता. हंडेवाली मागे राहिलेल्या जावेला हाका मारत होती. तोंड उघडं, हात वर.

सकाळी मथळा वाचला आणि माझे कान तापले. 'संतप्त महिलांचा हंडा मोर्चा, सरपंचांना घेराव.' दुपारी एका वाहिनीची गाडीही आली. हातात माईक घेतलेला माणूस मावशीला म्हणाला, "आजी, जरा रागात बोला."

"राग आलाच नाही, तं कुठून आणू?" मावशी म्हणाली. तिला त्यांनी दाखवलंच नाही. शेजारणींना घरून हंडे आणायला लावले.

संध्याकाळी सरपंच मावशीच्या दारात उभे. "म्या तुमाले चहा पाजला, अन् तुमी मले घेराव घातला?"

"आमी नाही जी, पेपरनं घातला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सोमवार गेला, पुढचाही गेला. "मोर्चा काढला ना, आता वरूनच माणूस येऊ द्या," असं ते सांगत फिरले.

मी उपसंपादकांना खुलासा छापायची विनंती केली. एकदा नाही, चारदा. "अहो, चहा प्यायल्याची बातमी कोण वाचतं?" ते हसले.

महिनाभराने सरपंचांचा राग निवला आणि व्हॉल्व्ह बदलला. दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट आली: 'आमच्या बातमीचा दणका! नळाला पाणी.'

मावशीने ती मला मोठ्यानं वाचायला लावली.

"महिनाभर विहिरीवर आमी गेलो," ती म्हणाली, "अन् दणका पेपरचा?"

त्यानंतरही दोन वर्षं मी त्याच पेपरला बातम्या पाठवत राहिलो. उपसंपादकांपेक्षा मला आता स्वतःचाच जास्त राग येतो.