पुढचा एक्सल, मागचा एक्सल

जीप शेडमधून बाहेर ढकलताना मला ते दिसलं.

खंडेनवमीचा दिवस होता. भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये सकाळीच हत्यारांची पूजा झाली होती. पाने, हातोड्या, जॅक, वेल्डिंगचा होल्डर, सगळं पांढऱ्या चादरीवर मांडून त्यावर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहिली होती. हत्यार एकदा पूजेला बसलं की दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा आमच्या मालकांचा नियम. त्यामुळे काम असं नव्हतंच. एका जीपची तेवढी पूजा राहिली होती, म्हणून तिला धुवायला बाहेर काढत होतो. दोन फिटर मागून ढकलत होते. मी बाजूला उकिडवा बसून चाकाखाली काही येत नाही ना, ते बघत होतो.

फोर-व्हील जीपच्या पोटाखाली दोन लांब दांडे असतात. त्यांना प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. एक इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेतो, दुसरा पुढच्या. बसवताना खूण म्हणून मी दोन्हींवर पांढऱ्या ऑइल पेंटचा एकेक पट्टा मारला होता. ढकलायला सुरुवात केली तेव्हा दोन्ही पट्टे जमिनीकडे होते. चाकाचा एक फेरा पुरा होईस्तोवर पुढचा पट्टा मागच्याला जवळजवळ एका वेढ्यानं मागे टाकून गेला.

"थांबा," मी ओरडलो. "परत मागे घ्या."

परत बघितलं, तेच. टायर बघितले, चारही एका मापाचे.

काय बिघडलं होतं ते सोपं करून सांगतो. एक्सल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा लोखंडी भाग. त्यावर एक गोल पेटी असते, डिफरन्शियलची. पेटीत एक मोठं आणि एक लहान अशी दोन दातेरी चाकं असतात. शाफ्ट किती वेळा फिरला म्हणजे गाडीचं चाक एकदा फिरणार, हे त्यांच्या दात्यांवर ठरतं. याला रेशो म्हणतात. फोर-व्हील गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलचा रेशो एकच पाहिजे. नसला तर पुढची चाकं एका वेगानं जायला बघतात आणि मागची दुसऱ्या. चिखलात चाकं घसरतात आणि ते भांडण मिटतं. कडक जमिनीवर घसरायला वाव नसतो. मग शाफ्ट आणि मधले गिअर पिळत जातात, ओलं धोतर पिळावं तसे.

जीप हवालदार कांबळ्यांची होती. राहायला दिघीला. उभी हयात फौजेत ड्रायव्हर म्हणून गेलेली. रिटायर झाल्यावर त्यांनी लष्कराच्या लिलावात ही डिस्पोजलची जीप घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, म्हणजे त्यांच्या नोकरीपेक्षा जुनी. तिच्या मागच्या एक्सलचं कवच तडकलं होतं आणि तसला एक्सल कुठे मिळत नव्हता. म्हणून आम्ही तिला दुसऱ्या गाडीचे दोन्ही एक्सल बसवायचं ठरवलं. लष्कराच्याच एक टनी गाडीचे. जास्त मजबूत.

हवालदारांना घाई होती त्याला कारण होतं. चाकणच्या पलीकडे डोंगरात विजेच्या मोठ्या लाइनीचे टॉवर उभे राहणार होते. तिथल्या कॉन्ट्रॅक्टरला ड्रायव्हरसकट एक जीप हवी होती. अट एकच, फोर-व्हील पक्की पाहिजे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा इंजिनियर ट्रायल घेणार होता. पास झाली तर टॉवरचं काम संपेपर्यंत हवालदारांना काळजी नव्हती. नाही झाली तर मेव्हण्यानं पिंपरीच्या एका कारखान्यात वॉचमनची जागा बघून ठेवलेली होतीच.

"वॉचमन म्हंजे काय हो," ते मला म्हणाले होते, "दुसऱ्याच्या गाड्यांना गेट उघडायचं. सुभाषभाऊ, मी स्टेरिंगवरच म्हातारा झालोय. मला दुसरं कायबी येत न्हाई."

एक्सल पुण्यातल्या एका भंगारवाल्याकडे मिळाले. दोन्ही शेजारी शेजारी पडलेले, एकाच घराण्यातले दिसणारे, एकाच हिरव्या रंगाचे. डिफरन्शियलच्या पेटीच्या बोल्टांवर पिवळ्या रंगाचा एकेक ठिपका होता. फौजेच्या वर्कशॉपमध्ये काम तपासून झालं की बोल्टावर असा ठिपका देतात. ठिपका फुटलेला नसेल तर तपासणीनंतर कोणी पेटी उघडलेली नाही, असा अर्थ.

"बसवायच्या आधी उघडून बघू," मी म्हणालो.

हवालदारांना ते लागलं. "सुभाषभाऊ, पिवळा ठिपका हाय. आमच्या वर्कशॉपात ठिपका दिला म्हंजे सुभेदाराची जबान. उघडलं तर तुम्ही ठिपका मोडणार. मग त्याच्यावर इस्वास कुनी ठेवायचा?"

मी नानांकडे बघितलं. नाना म्हणजे वर्कशॉपचे मालक. भोसरीतल्या जुन्या घरातले, शेतावर कारखाने आल्यावर उरलेल्या तुकड्यात त्यांनी हे वर्कशॉप काढलं होतं.

"गिऱ्हाईक म्हनतंय तर ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "ज्याची गाडी त्याला आपल्यापरीस जास्त म्हाईत."

त्यांचंही चूक नव्हतं. फौजेतला माणूस फौजेच्या मालाबद्दल सांगतोय, त्याला खोटं कशाला पाडायचं? मग आम्ही कामाला लागलो. स्प्रिंगच्या पाट्या टेकतात त्या बैठका नव्या वेल्ड केल्या, कारण नवे एक्सल रुंद होते. शाफ्ट कापून लांबीला बसवले. ब्रेक जमवताना तर नाकी नऊ आले. जुने एक्सल भंगारवाल्यानं बदल्यात घेतले आणि त्याच आठवड्यात कापून टाकले. ट्रायल आम्ही घेतली, पण डांबरी रस्त्यावर, आणि डांबरावर फोर-व्हील लावत नाहीत. गाडी लोण्यासारखी चालली.

आणि आता हे पांढरे पट्टे.

मी नानांना बोलावून दाखवलं. त्यांनी स्वतः जीप पुढे-मागे करायला लावली आणि बघितलं. हवालदारही आले होते, मुलीचा हात धरून, गाडीची पूजा बघायला. त्यांच्या घरी पूजा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरे कपडे घालून सगळ्यांना विहारात वंदनेला जायचं होतं, आणि ते नव्या गाडीतून जाणार होते.

"उघडायला पाहिजे," मी म्हणालो.

नाना चादरीकडे बघत राहिले. मग ते खाली बसले, रिंग पान्यावरचं झेंडूचं फूल उचलून बाजूला ठेवलं, पाना कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला.

"द्येव समजून घेईल," ते म्हणाले. "त्यो इंजिनियर न्हाई घ्यायचा."

मागची पेटी उघडली. आतलं पॅकिंग नवंकोरं होतं, फौजेच्या मालात तसलं मी कधी पाहिलं नव्हतं. दात्यांवरच्या ग्रीसमधून बोट फिरवत मी मोजत गेलो. मग पुढचीही उघडून मोजली. फरक होता. कोणा ट्रकवाल्यानं ती एक टनी गाडी माल वाहायला घेतली असणार. डांबरावर वेग मिळावा म्हणून त्यानं मागचं क्राउन-पिनियन, म्हणजे पेटीतली ती दातेरी चाकांची जोडी, बदललं आणि पुढचा शाफ्ट काढून टाकला. फोर-व्हीलची त्याला गरजच नव्हती. पुढे ती गाडी भंगारात आली आणि पेटीवर हिरवा रंग चढला.

हवालदारांनी बोल्टावरचा पिवळा ठिपका नखानं खरवडला. खाली गंज होता. गंजावर रंग मारलेला.

"ह्यो आमचा ठिपका न्हाई," ते म्हणाले. इतकंच. मग मुलीला म्हणाले, "तू जा घरी. आईला सांग, गाडीला येळ लागंल."

दुसऱ्या दिवशी दसरा, बाजार बंद. बाजार उघडा असता तरी जुळणारं क्राउन-पिनियन मिळालं नसतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. हवालदार सायकल मारत चाकणला जाऊन इंजिनियरला भेटून आले. आठ दिवस मुदत मागितली. इंजिनियर म्हणाला, खेडची एक पार्टी जीप घेऊन बसली आहे, तुमचं जमत नसेल तर तसं सांगा. हवालदारांनी जमतं म्हणून सांगितलं.

"सुभाषभाऊ, चिखलात तर चालंल ना?"

"चिखलात चालेल. पण कडक जमीन आली की लगेच फोर-व्हीलची लिव्हर काढायची. चाकं घसरत असतानाच. एकदा पीळ बसला की लिव्हर निघत नाही."

"पीळ बसला तर रिव्हर्स घ्यायचा. सुटतो. मला म्हाईत हाय."

"सुटतो."

नानांनी वर सांगितलं, "जपून चालवा म्हंजे झालं." आम्हा तिघांनाही ते पटलं. दुसरं करणार काय होतो?

ट्रायलला मी बरोबर गेलो. चाकणच्या पश्चिमेला भाताची खाचरं अजून ओली होती. एक ओढा, पलीकडे चिखल आणि तिथून मुरमाची अरुंद चढण टॉवरच्या जागेपर्यंत. इंजिनियर तरुण होता, तिरसट वगैरे अजिबात नव्हता. "हवालदार, वरपर्यंत फोर-व्हीलमध्ये चला. मी माझ्या गाडीतून मागे येतो," म्हणाला.

चिखलातून जीप अशी निघाली की मी सगळं विसरलो. चारही चाकं चिखल उडवत होती आणि हवालदारांचे हात स्टेरिंगवर हलत नव्हते. ते हसत होते. मला वाटलं, सुटलो.

मुरूम लागला. त्यांनी लिव्हर ओढली. निघेना. परत ओढली, दोन्ही हातांनी.

"थोडी रिव्हर्स घ्या," मी म्हणालो.

"मागं सायबाची गाडी हाय."

वळून बघितलं. इंजिनियरचं बॉनेट आमच्या मागच्या फळीला भिडल्यासारखं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला उतार.

"मी उतरतो. त्यांना मागे घ्यायला सांगतो."

"काय म्हनून सांगनार? गाडीत खोट हाय म्हनून?"

मागून हॉर्न वाजला. साधाच, का थांबलात विचारणारा.

"जाईल," हवालदार म्हणाले. "थोडंच ऱ्हायलंय."

त्यांनी पाय दाबला. गाडी चढायला लागली, पण पायाखालचा पत्रा थरथरत होता आणि टायर मुरमावर किंचाळत होते. स्टेरिंग त्यांच्या हातात दगडासारखं झालेलं मला दिसत होतं. मी "थांबवा" म्हणेपर्यंत खालून आवाज आला. असा आवाज मी नोकरीत पुन्हा ऐकला नाही आणि ऐकायची इच्छाही नाही.

ट्रान्सफर केस फुटली होती. पुढच्या-मागच्या शाफ्टांना ताकद वाटून देणारी ती पेटी. ओतीव लोखंडाचं कवच उभं चिरलं होतं आणि काळं ऑइल मुरमावरून खाली वाहत इंजिनियरच्या गाडीच्या चाकापर्यंत गेलं. हवालदार ब्रेकवर पाय ठेवून बसून राहिले. मी उतरून चाकांना दगड लावले तरी त्यांनी पाय काढला नाही.

इंजिनियर आला. वाकून बघितलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"हवालदार, गाडी जरा बाजूला घ्या," तो म्हणाला. "मला वर जायचंय."

आम्ही दोघांनी तिला ढकलून डोंगराला टेकवली. त्याची गाडी शेजारून वर निघून गेली. जाताना त्यानं हात केला, आणि हवालदारांनी सवयीनं सॅल्यूट ठोकला. त्या सॅल्यूटनं माझा जीव जळला. मला हवालदारांकडे बघवेना.

संध्याकाळी ट्रॅक्टरच्या मागे बांधून जीप आणली. हवालदार तिच्यात बसून स्टेरिंग धरून होते. चाकणला चहाला थांबलो तेव्हा त्या दिवसातलं त्यांचं शेवटचं वाक्य मी ऐकलं. "चिखलातनं बाकी कशी निघाली हो!"

ट्रान्सफर केस मिळाली नाही. आम्ही वर्षभर शोधली. जीप आमच्या कुंपणाला उभी होती. पहिल्या पावसाळ्यानंतर तिच्या सीटमधून गवत आलं. हवालदार रविवारी यायचे, तिच्यावरून हात फिरवायचे आणि नानांशी चार शब्द बोलून जायचे. मग वॉचमनची ड्युटी रविवारीही लागायला लागली आणि ते यायचे थांबले. शेवटी एक खाणवाला इंजिन घेऊन गेला. एक्सल कोणी घेतले नाहीत. मी ते पुन्हा कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून गॅसनं कापले.

रेशो जुळत नसेल तर फोर-व्हील चालत नाही, असं नव्या पोरांना शिकवतात. चुकीचं आहे ते. चालते. थोडा वेळ चालते, आणि तेवढ्या वेळात माणसाला वाटतं की आपलं जमलं. वर्कशॉपच्या दारातच मोडली असती तर हवालदारांनी तिच्यावर इतका जीव टांगला नसता. माझ्या हाताखाली जे शिकले त्यांना मी एकच सांगत आलो: जोडी जुळत नसेल तर गिऱ्हाइकाला "जपून चालवा" म्हणू नका. सरळ नाही म्हणा आणि त्याच्या शिव्या खा.